नास्तिकाच्या मुलीचं लग्न

काल संध्याकाळी माझ्याकडे एक सूचना आली. उद्याच्या परिसंवादाचा विषय 'देव आहे की नाही' असा छापला आहे. तो बदलून 'अध्यात्म आणि आजचा तरुण' असा करावा, म्हणजे कोणाच्या भावना दुखावणार नाहीत. मी नाही म्हणालो. विषय तोच राहील. नाही का म्हणालो, एवढंच सांगायला मी उभा आहे. हा विषय वर्ध्यानं टाळावा, ही गोष्ट मला सहन होत नाही.

इथून आठ किलोमीटरवर गांधीजींचं सेवाग्राम आहे. तिथे ते एका नास्तिकाशी याच विषयावर बोलले होते. आंध्रात वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक होते, गोपराजू रामचंद्र राव. लोक त्यांना 'गोरा' म्हणत. नास्तिकता उघड बोलले म्हणून काकिनाड्याच्या कॉलेजातली नोकरी गेली, पुढे मच्छलीपट्टणमची गेली. मग मुदुनूर गावात राहून अस्पृश्यांसोबत जेवणं आणि प्रौढांना शिकवणं सुरू केलं. १९४१ मध्ये त्यांनी गांधीजींना भेटीसाठी पत्र लिहिलं. उत्तर रोखठोक आलं: नास्तिकता हा स्वतःचाच इन्कार आहे, तुम्हाला जे यश मिळालं ते तुमच्या प्रामाणिक कामाचं आहे, आणि चर्चेला मला वेळ नाही. गोरा रुसून बसले नाहीत, गांधीजींनीही दार कायमचं लावलं नाही. नोव्हेंबर १९४४ मध्ये गोरा सेवाग्रामला आले.

तिथे काय बोलणं झालं ते गोरांनी १९५१ मध्ये पुस्तकात लिहिलं, आणि त्याला प्रस्तावना लिहिली किशोरलाल मशरूवालांनी, म्हणजे गांधींच्या अगदी जवळच्या, श्रद्धावान माणसानं. देव न मानणाऱ्याशी मी काय बोलू, असं गांधीजींनी विचारलं. गोरांनी देवाच्या अस्तित्वाचे पुरावे-प्रतिपुरावे काढलेच नाहीत. त्यांनी दुष्काळातलं कलकत्ता सांगितलं. फुटपाथवर भुकेनं माणसं मरत होती आणि पाच पावलांवर दुकानात खायचं मांडलेलं होतं. मरणाऱ्यांनी हात पुढे केला नाही, कारण आपल्या नशिबातच हे आहे असं त्यांना वाटत होतं. दुकानदारालाही तसंच वाटत होतं. हे नशीब मोडायचं म्हणून मी नास्तिक आहे, असं गोरांचं म्हणणं.

मंडळी, हे कलकत्त्याचं आहे असं समजून टाळ्या वाजवू नका.

काही वर्षांपूर्वी मी हिंगणघाट तालुक्यात एका घरी तेरवीला गेलो होतो. कापसाचा शेतकरी, वय चाळीसच्या आत, फवारणीचंच औषध प्यायलेला. पडवीत फवारणीचा पंप तसाच उभा होता, पट्टा लोंबत होता. देव्हाऱ्यात विठोबाच्या फोटोमागे एक घडी केलेला कागद खोचलेला दिसला. ती कर्जाच्या वसुलीची नोटीस होती. त्याच्या आईनं हातात पाण्याचा गडू दिला आणि म्हणाली, "बाबू, त्याच्या नशिबात होतं." बसलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. बोंडअळीनं पीक गेलं, भाव पडला, सावकारानं तगादा लावला, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. 'नशीब' म्हटल्यावर यातल्या एकाचंही नाव घ्यायची गरज उरली नाही. त्या दिवशी मी गप्प बसलो, याची लाज मला आजही वाटते.

म्हणून श्रद्धावानांना माझं पहिलं म्हणणं आहे. 'श्रद्धा हा ज्याचा त्याचा प्रश्न' हे वाक्य आता पुरे झालं. त्या फोटोमागची नोटीस हा ज्याचा त्याचा प्रश्न नाही. देवाची मर्जी म्हणून जे खपवलं जातं, त्याचा जाब विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि तो हक्क बजावणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना या महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ ला पुण्याच्या पुलावर गोळ्या घातल्या गेल्या. भावना दुखावण्याची भाषा करणाऱ्यांनी आधी ते रक्त आठवावं.

पण इथे पहिल्या रांगेत माझे नास्तिक मित्र बसलेत, आणि त्यांचे चेहरे फुलले आहेत. त्यांनाही विचारतो. देव नाही हे तुम्ही किती वेळा सिद्ध केलं? शंभर वेळा. आणि मुलीचं लग्न कुठे लावलं? पोटजात जुळवून. पत्रिका पाहिली नाही याचा अभिमान सांगता, पण आडनाव पाहूनच बोलणी केली. देवाला रजा दिली आणि जातीला घरात ठेवलं, तर ही कसली नास्तिकता?

गोरांनी काय केलं बघा. त्यांनी आपली मुलगी मनोरमा हिचं लग्न अर्जुनराव या अस्पृश्य समाजातल्या तरुणाशी ठरवलं. गांधीजींना हे कळलं तेव्हा त्यांनी ते लग्न सेवाग्रामला आपल्या हातानं लावायचं कबूल केलं. अडचण एकच होती. आश्रमातल्या लग्नात ईश्वराच्या साक्षीनं शपथ होत असे. गांधीजी म्हणाले, तिथे 'सत्याच्या नावानं' म्हणू. आयुष्यभर रामनाम घेणाऱ्या माणसानं एका नास्तिकाच्या मुलीसाठी विधीतला देव बाजूला ठेवला. १९३१ पासून 'सत्य हाच ईश्वर' म्हणत आलेल्या माणसाला त्यात काही गमावल्यासारखं वाटलं नाही. पुढे ३० जानेवारी आली. लग्न लावणारा राहिला नाही. तरी लग्न ठरल्या जागीच झालं, १३ मार्च १९४८ ला, सेवाग्रामला, सत्याच्या नावानं.

अज्ञेयवाद्यांकडे येतो. ही मंडळी सगळ्यांत सुरक्षित असतात. 'आम्हाला ठाऊक नाही' म्हणायचं आणि आस्तिक-नास्तिक दोघांच्याही पंगतीला जेवायचं. ठाऊक नाही म्हणायला माझी हरकत नाही. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचा ऋषी तेच म्हणून गेला आहे. पण बुद्धानं असे प्रश्न बाजूला सारले ते आधी अंगात रुतलेला दुःखाचा बाण काढायला. तुम्ही बाण तसाच ठेवून प्रश्नही टाळता. बुद्धाचं ऐकलेला एक माणूस याच सेवाग्रामात वारला. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी, पालीचे पंडित. बुद्धाचा धर्म कळावा म्हणून घरदार सोडून नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश पायाखाली घातला. शेवटी शरीर थकलं तेव्हा अन्न सोडलं, आणि जून १९४७ मध्ये सेवाग्रामला शांतपणे गेले. सृष्टीकर्ता देव त्यांनी मानला नाही. पण ज्या आश्रमात रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होत होती, तिथल्या माणसांनीच त्यांची शेवटची सेवा केली.

कोणी म्हणेल, ते थोर लोक होते, आपलं तसं नाही. मला हे उत्तर मान्य नाही. थोरपणाचा प्रश्नच नव्हता, सवयीचा होता. तिथे वाद घालायची सवय होती आणि वाद संपल्यावर सोबत काम करायची. गोरांचे चिरंजीव लवणम् आंध्रातल्या भूदान पदयात्रेत विनोबांच्या भाषणांचा तेलुगू अनुवाद करत असत. पवनारच्या या संताचं रामहरीचं बोलणं एका नास्तिकाच्या तोंडून गावोगाव पोचलं, कारण ते भूमिहीनांच्या जमिनीसाठी बोललं जात होतं. दोघांपैकी कोणीही आपलं मत सोडलं नाही. आपण मात्र मत सोडावं लागेल या भीतीनं वादच सोडून देतोय आणि त्याला सौजन्य म्हणतोय.

तेव्हा उद्याचा परिसंवाद सकाळी दहाला, याच मांडवात. देव मानणारे दोघे, न मानणारे दोघे, ठाऊक नाही म्हणणारा एक, असे पाच जण बोलतील. प्रत्येकाला मी पहिला प्रश्न एकच विचारणार आहे. तुमच्या भूमिकेपायी तुमचं काय गेलं? नोकरी, नातं, जातीतलं स्थान, जे गेलं ते सांगा. काहीच गेलं नसेल तर तसं सांगा, मग देवाविषयी बोलू. आणि त्या हिंगणघाटच्या घरातल्या आईलाही मी निरोप धाडला आहे. ती येणार म्हणाली आहे. तिची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवा.