शकुंतला : पोथीतली, नाटकातली आणि भिंतीवरची

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातल्या भाषणाचा संपादित भाग)



साहित्य आणि चित्रकला या बहिणी-बहिणी, असं म्हणून आपण बऱ्याचदा मोकळ्या होतो. पण दोघी एकच गोष्ट सांगू लागल्या, की कोणाचं ऐकलं जातं आणि त्यात बाईच्या वाट्याला काय येतं, हे आपण बघायला हवं. त्यासाठी मी एकीचंच उदाहरण घेणार आहे. शकुंतलेचं.

शकुंतला म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पायातला काटा काढण्याच्या निमित्तानं मागे वळून बघणारी तरुणी. हे राजा रविवर्म्याचं चित्र. त्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो मळवलीला गेला. राजवाड्यातली तैलचित्रं छापील होऊन साध्या घरांत आली. ज्या घरात पुस्तक नव्हतं, वाचू शकणारी बाई नव्हती, तिथंही शकुंतला पोचली. ही छापील चित्राची मोठीच कामगिरी आहे. पण पोचली ती कोणती शकुंतला?

महाभारताच्या आदिपर्वातली शकुंतला वेगळी आहे. गांधर्वविवाहाला होकार देण्याआधी ती अट घालते, माझा मुलगा युवराज झाला पाहिजे. पुढे ती मुलाला घेऊन भर दरबारात जाते. दुष्यंत तिला ओळखत नाही म्हणतो, तिच्या आईवरून बोलतो. ती रडत परत फिरत नाही. पत्नीचा, मुलाचा, सत्याचा हक्क काय असतो, हे त्याला तोंडावर ऐकवते. शेवटी आकाशवाणी होते, तेव्हा राजा कबूल करतो की मला सगळं माहीत होतं. नुसत्या हिच्या शब्दावर स्वीकारलं असतं तर लोकांनी शंका घेतली असती. इथे शाप नाही, अंगठीही नाही. आहे तो जबाबदारी टाळणारा पुरुष.

कालिदासानं दुर्वासाचा शाप आणला आणि राजा निर्दोष झाला. बाईच्या शब्दाऐवजी अंगठी हा पुरावा झाला. पाचव्या अंकात तीही संतापते, हे खरं. पण अंगठी हरवली म्हणून तिचं म्हणणं टिकत नाही. सहाव्या अंकात याच नाटकात एक चित्र येतं. पश्चात्ताप झालेल्या दुष्यंतानं स्वतः शकुंतलेचं चित्र काढलंय. त्यात तिच्या सख्या आहेत, तिच्या तोंडाभोवती फिरणारा भुंगा आहे. राजा त्या भुंग्यालाच दम देतो. हे चित्र आहे, ही आठवण विदूषकाला करून द्यावी लागते. जिवंत बाई समोर उभी होती तेव्हा तिला नाकारलं, आणि चित्रातल्या बाईसाठी डोळ्यांत पाणी! चित्रातली बाई प्रश्न विचारत नाही, मुलाचा हक्क मागत नाही.

कुणी म्हणेल, चित्रकारानं काय करावं? जे लिहिलंय तेच काढणार ना? तसं नाही. रविवर्म्याचंच 'शकुंतलाजन्म' बघा. मेनका बाळ पुढे धरते आहे आणि विश्वामित्र हात वर करून तोंड फिरवतो आहे. महाभारतात मेनका बाळाला नदीकाठी ठेवून निघून जाते. बापानं नाकारल्याचा असा प्रसंग तिथे नाही. तो चित्रकारानं उभा केला. त्याचंच दुसरं चित्र आहे 'शकुंतला-पत्रलेखन' – कमळाच्या पानावर लिहिणारी बाई. म्हणजे चित्रकार गोष्टीतला क्षण निवडू शकतो, नवा घडवूही शकतो. तरी शंभर वर्षं लोकांच्या मनात ठसली ती काटा काढणारी, वाट बघणारीच. निवड एकट्या चित्रकाराची नव्हती, विकत घेऊन भिंतीवर लावणाऱ्या समाजाचीही होती.

हा भूतकाळाचा विषय नाही. नवऱ्यानं 'ही माझी बायको नाही' म्हटलं की आपल्याकडे आलेल्या बाईला आजही पहिला प्रश्न येतो – पुरावा काय? फोटो आहे? पत्रिका? महाराष्ट्रात विवाहनोंदणीचा कायदा १९९८ मध्ये झाला, सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करावी असं सांगितलं. तरी दाखला हातात नसलेल्या बायका येतातच. अंगठीची जागा कागदानं घेतली, एवढंच. कागद हवाच, त्यासाठी आपण आग्रह धरतोच. पण बाईच्या शब्दालाही किंमत हवी, आणि ती मनात रुजवायचं काम गोष्टी आणि चित्रं करतात.

म्हणून आपण पोस्टर करतो, वस्तीत प्रदर्शन लावतो, तेव्हा थोडं थांबून विचारू या. आपल्या पोस्टरवर गुडघ्यात डोकं घालून बसलेली बाई किती वेळा येते? अत्याचार दाखवताना आपणही तिला गप्प बसवतो का? पुढच्या प्रदर्शनासाठी माझी सूचना साधी आहे. आधी वस्तीतल्या बायकांना आदिपर्वातली गोष्ट सांगू या. मग त्यांनाच विचारू, यातला कोणता क्षण भिंतीवर लावायचा? आणि त्या सांगतील तोच रंगवू या.