शिकवणीची खोली

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात भिवापूर येथे केलेले भाषण)



पारितोषिके मिळविणाऱ्या मुलामुलींचे प्रथम अभिनंदन करतो आणि आपणांपुढे एका चेंडूची हकीकत ठेवतो. मी मिरचीच्या गावचा मनुष्य. फुटबॉलचे माझे ज्ञान बेताचेच. तथापि हकीकत आपल्या जिल्ह्यातील आहे व एका शिक्षकाची आहे, तेव्हा ती सांगण्यास हरकत नसावी.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात श्री. विजय बारसे हे खेळाचे शिक्षक होते. २००१ साली, भर पावसात, झोपडपट्टीतील काही मुले मोडकी बादली लाथाडीत खेळताना त्यांना दिसली. त्यांनी त्या मुलांना चेंडू दिला. इतके कोणीही दयाळू गृहस्थ करील. बारसे मात्र चेंडू देऊन मोकळे झाले नाहीत. त्यांनी झोपडपट्ट्यांतील संघांच्या स्पर्धा भरविल्या, संस्था उभी केली. २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राट्झ शहरी बेघरांच्या फुटबॉलची जागतिक स्पर्धा सुरू झाली. तीत पुढे या चळवळीतील मुले भारताच्या वतीने खेळली. श्री. नागराज मंजुळे यांचा २०२२ सालचा 'झुंड' हा चित्रपट याच कार्यावर बेतलेला आहे.

चित्रपटात टाळ्या पडतात त्या सामन्याला. मला स्वतःला सरावाचे मोल अधिक वाटते. वस्तीतला मुलगा म्हणजे उनाड, हातचलाख, असा ग्रह चांगल्या माणसांच्याही मनात घर करून असतो आणि व्याख्यानांनी तो हलत नाही. पण कोणी शिक्षक ठरल्या वेळी येतो, मुलाला नावाने हाक मारतो, नियम मोडल्यास बाहेर बसवितो आणि उद्या पुन्हा खेळावयास घेतो, तेव्हा मुलगा बदलतो. कडेला उभे राहून पाहणारेही बदलतात.

आता आपल्या खोलीविषयी. मंडळाच्या खोलीत आम्ही काही निवृत्त शिक्षक सायंकाळी विनावेतन शिकवितो. गेल्या पावसाळ्यात गावाच्या दुसऱ्या टोकाचा एक मुलगा दाराशी उभा राहिला. "गुरुजी, मीबी बसू काय?" मी त्याला बसविले. दोन दिवसांत अपूर्णांकांची बेरीज त्याला येऊ लागली. तिसऱ्या दिवशी आपल्यातील एका गृहस्थांनी त्याला सहज विचारले, "तू कोणाचा रे?" विचारण्यात दुष्टावा नव्हता. परंतु या प्रश्नाचा अर्थ आपल्या खेड्यांत लहान मुलालाही कळतो. तो पुन्हा आला नाही. आपली मुले नागपुरास खोली शोधावयास जातात, तेव्हा घरमालक आधी आडनाव विचारतो. त्या वेळी आपणांस काय वाटते, हे या सभेत कोणास सांगावयास नको.

खोली ज्ञातीच्या वर्गणीतून झाली, असे काहीजण म्हणतील. ते खरेच आहे. मीही वर्गणी दिली आहे. पण दिवा वीस मुलांसाठी जळतो तेवढाच तीस मुलांसाठी जळतो, आणि आपलीच निम्मी मुले परीक्षा सरली की फिरकत नाहीत.

माझी सूचना अशी की, दिवाळीच्या सुटीनंतर मंगळवारी व शुक्रवारी ही खोली गावातील कोणत्याही मुलासाठी उघडी असावी. दाराशी मुलाला नाव व इयत्ता एवढेच विचारावे. पाण्याचा माठ व पेला सर्वांना एकच राहील. गणित मी घेईन. इंग्रजी व विज्ञानासाठी दोघांची गरज आहे. कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलींनी यावे, अशी माझी विशेष विनंती आहे. नावे चिटणिसांकडे आज पंगत बसण्यापूर्वी द्यावीत.