विषय छोटा, तयारी पक्की
(गणेशोत्सवातील विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



गणराय ही विद्येची देवता, म्हणून आजचा विषयही अभ्यासाचाच घेतला आहे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलं, आता निर्मल जिल्ह्यात मोडणारं बासर आपल्याला गोदास्नानासाठी आणि मुलांच्या अक्षराभ्यासासाठी ठाऊक आहे. त्याच बासरला २००८ पासून राजीव गांधींच्या नावाचं तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. लोक त्याला ट्रिपल आयटी म्हणतात. दहावीच्या गुणांवर प्रवेश आणि ६ वर्षांत बी.टेक. खेड्यापाड्यांतली मुलं मिसरूड फुटायच्या वयात घर सोडून तिथं जातात. आपल्या घरांतल्या मुलांची घरी मराठी, शाळेत तेलुगू आणि पुढं वर्गासमोर उभं राहून बोलायचं ते इंग्रजीत! पहिल्याच सादरीकरणात मूल अडखळलं, की पुढं कित्येक वर्षं ते हात वर करत नाही. म्हणून विषयाची निवड ही किरकोळ गोष्ट नाही.

आम्ही राज्य सरकारच्या नोकरीतली, डिप्लोमा केलेली माणसं. क्वांटम विज्ञान शिकवायचा आव आणत नाही. पण विषय कसा निवडावा, याबद्दल चार शब्द सांगू शकतो.

सध्या क्वांटम कॉम्प्युटिंगचा बोलबाला आहे. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटी ६५ लाख रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे क्वांटम विज्ञानाचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं. साहजिकच मुलं ‘क्वांटम कॉम्प्युटर : एक ओळख’ असा विषय घेतात. १० मिनिटांत ३० स्लाइड पळवतात आणि सरांच्या पहिल्याच प्रश्नाला गप्प होतात. आभाळाएवढा विषय घेतला, की हाती काहीच लागत नाही.

आमच्या मते विषयाला तीन कसोट्या लावाव्यात. तो खडू-फळ्यावर करून दाखवता येतो का? आपल्या पुस्तकातल्या एखाद्या धड्याशी जुळतो का? आणि त्यावरच्या तीन प्रश्नांची उत्तरं कागद न बघता देता येतात का?

अकरावी-बारावीच्या मुलांना या कसोट्यांवर उतरणारा एक विषय सुचवतो : क्वांटम कॉम्प्युटर आल्यावर गुपित कसं राखायचं? पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की असा पुरेसा मोठा संगणक प्रचंड संख्यांचे अवयव झटपट पाडू शकेल. आज ऑनलाइन व्यवहारांत वापरली जाणारी काही महत्त्वाची कुलुपं त्याच अवघडपणावर उभी आहेत. गंमत अशी, की त्यावरचा एक उपाय बेनेट आणि ब्रासार्ड या दोघांनी १० वर्षं आधीच, १९८४ मध्ये मांडला होता, आणि तो निबंध आपल्या बंगळुरूच्या परिषदेतला आहे.

हा उपाय वर्गात चिठ्ठ्यांनी करून दाखवता येतो. एकानं ४० चिठ्ठ्यांवर ० किंवा १ लिहायचं आणि सोबत ‘सरळ’ की ‘तिरपं’ तेही लिहायचं. घेणाऱ्यानं नाणं उडवून स्वतःची पद्धत ठरवायची. पद्धत जुळली तर अंक तोच, नाही तर पुन्हा नाणं उडवून येईल तो. मग दोघांनी फक्त पद्धती जाहीर करायच्या, अंक नाही. साधारण २० जागी पद्धती जुळतात. त्या जागांचे अंक हीच गुप्त किल्ली.

आता मधे चोर बसवा. त्यालाही पद्धत ओळखावीच लागते. निम्म्या वेळा तो चुकतो आणि चुकीची चिठ्ठी पुढं सरकवतो. परिणामी जुळलेल्या जागांपैकी सुमारे पाव ठिकाणी अंक बिघडतात. त्यातले १० अंक उघड ताडून पाहिले, तर चोर निसटण्याची शक्यता शंभरात ६ पेक्षा कमी. २० ताडले तर हजारात ३.

सर विचारतील, “चिठ्ठी तर चोर गुपचूप वाचून तशीच ठेवेल?” उत्तर तयार ठेवा : चिठ्ठीचं तसं होईल, एकेकट्या प्रकाशकणाचं होत नाही. चुकीच्या पद्धतीनं मोजला, की त्याची मूळ अवस्था पुसली जाते. क्वांटमचं मर्म ते हेच. प्रकाशाचं ध्रुवीकरण बारावीच्या भौतिकशास्त्रात आहेच. आणि हा नुसता खेळ नाही. २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीनं प्रयागराज ते विंध्याचल या १०० किलोमीटरहून लांब ऑप्टिकल फायबरवर क्वांटम किल्ली पाठवून दाखवली.

बी.टेक.च्या मुलांनी लव्ह ग्रोव्हर यांची १९९६ ची शोधपद्धत घ्यावी. विस्कळीत १० लाख नावांतून एक शोधायला साध्या संगणकाला सरासरी ५ लाख वेळा पाहावं लागतं. तिथं हिला साधारण ८०० पायऱ्या पुरतात. का पुरतात, एवढंच सांगा.

पालकांना एकच विनंती. सादरीकरणाच्या आदल्या रात्री मुलाचा फोन आला, तर “नीट बोल बरं” एवढ्यावर ठेवू नका. “आम्हाला मराठीत समजावून सांग” म्हणा. तुम्हाला कळलं नाही तर पुन्हा विचारा, लाजू नका. घरी मराठीत दोनदा सांगितलेली गोष्ट वर्गात इंग्रजीत सांगताना शब्द चुकेल, पण मुद्दा चुकणार नाही.

बासरला आपण मुलाचा हात धरून पाटीवर एकेक अक्षर गिरवून घेतो, सगळी बाराखडी एकदम नाही. मोठेपणीच्या अभ्यासालाही तोच नियम लावू या.

गणपती बाप्पा मोरया!