‘गुन्हा कबूल आहे का?’ : उत्तर देण्याआधी

भाकऱ्या उरकून, भांडी घासून बसलात ना? आज कोर्टाबद्दल बोलायचंय. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण वेळ काही विचारून येत नाही. आधी माझ्याच घरची गोष्ट सांगते.

माझा पुतण्या तेव्हा १९ वर्षांचा होता. बांधावरून शेजाऱ्याशी भांडण झालं, हातघाईवर आलं, समोरच्याला मुका मार बसला. साध्या मारहाणीची केस झाली. दोन तारखा झाल्या. दर तारखेला एसटीचं भाडं आणि दोघांचा रोज बुडायचा. तिसऱ्या तारखेला मीच त्याला म्हणाले, “कबूल करून टाक बाबा. दंड भरू नि मोकळे होऊ.” साहेबांनी विचारलं, वकील हवा का? मीच खूण केली, नको म्हण. त्यानं गुन्हा कबूल केला. एक हजार रुपये दंड झाला. घरी येताना स्टँडवर भेळ खाल्ली. वाटलं, सुटलो.

तीन वर्षांनी तो पोलीस भरतीत उतरला. पळाला, पेपर दिला, यादीत नाव आलं. मग चारित्र्य पडताळणीचा फॉर्म आला. त्यात प्रश्न होता, कधी कोणत्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का? पोरानं खरं लिहिलं आणि निवड तिथंच अडकली.

दंड हीसुद्धा शिक्षाच असते, हे मला त्या दिवशी कळलं. पोरगा आज ट्रॅक्टर चालवतो. मला कधी एका शब्दानं बोलला नाही, म्हणून जास्तच लागतं. त्यानंतर मी विधी सेवा समितीचं प्रशिक्षण घेतलं. तिथं जे शिकले, तेच आज तुम्हाला सांगते.

कोर्टात आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, “गुन्हा कबूल आहे का?” हा साधा प्रश्न नाही. ‘कबूल आहे’ म्हटलं आणि न्यायाधीशांनी ते मान्य केलं, की साक्षीदार नाहीत, उलटतपासणी नाही, माणूस थेट दोषी ठरतो. पुढं फक्त शिक्षा किती, एवढंच उरतं. वरच्या कोर्टात अपील करायचं म्हटलं तरी ‘मी गुन्हा केलाच नाही’ असं साधारणपणे म्हणता येत नाही. शिक्षा जास्त आहे किंवा कायद्याला धरून नाही, एवढीच तक्रार करता येते. किरकोळ केसमध्ये तर तेवढंही अपील मिळत नाही.

पुष्कळ बायका मला विचारतात, “ताई, भांडण तर झालं होतं. मग कबूल नाही म्हणणं खोटं नाही का?” नाही. ‘कबूल नाही’ म्हणजे एवढंच, की आरोप सरकारी पक्षानं पुराव्यानं सिद्ध करावा. तो आरोपीचा हक्क आहे. भांडण झालं हे खरं असलं, तरी कोणी आधी हात उचलला, कोण स्वतःला वाचवत होतं, हे कोर्टानं ऐकायला हवं ना?

आणखी एक. पोलीस ठाण्यात दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. मॅजिस्ट्रेटसमोर कबुलीजबाब द्यायचा असेल, तर ते आधी सांगतात, की जबाब देण्याची सक्ती नाही आणि दिलात तर तो तुमच्याविरुद्ध वापरला जाईल. तेव्हा “साहेबांसमोर हो म्हण, लगेच सोडतील” असं कोणी कानात सांगितलं, तर आधी वकिलाला विचारायचं.

आता माझ्या पुतण्याच्या केसमध्ये काय करता आलं असतं? पहिला रस्ता तडजोडीचा. साध्या मारहाणीसारख्या काही गुन्ह्यांत, ज्याला मार लागला तो कोर्टासमोर केस मिटवू शकतो. अशी तडजोड झाली, की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच असतो. आमचा शेजारी पुढच्याच पोळ्याला घरी जेवायला आला होता! त्याला विचारायचं मला सुचलं नाही.

दुसरा रस्ता १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा. गुन्हा छोटा असेल आणि आधी कधी शिक्षा झालेली नसेल, तर कोर्ट नुसती समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेऊन सोडू शकतं. आरोपी २१ वर्षांच्या आतला असेल, तर जन्मठेपेइतका मोठा गुन्हा नसताना त्याला तुरुंगात पाठवण्याआधी न्यायाधीशांना कारणं लिहावी लागतात. या कायद्याखाली सोडलेल्या माणसाला त्या शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. पण फॉर्ममध्ये विचारलं तर प्रकरण लपवायचं नाही. लपवणं जास्त महागात पडतं.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. त्यात पहिल्यांदाच केलेली आणि पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी असेल, वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा आहे. ‘प्ली बार्गेनिंग’ ही सोय २००६ पासूनच आहे. त्यात आरोपी स्वतः अर्ज करतो. न्यायाधीश त्याला एकट्याला विचारून खात्री करतात, की हे कोणाच्या दबावाखाली नाही. मग समोरच्या पक्षाशी बोलून भरपाई ठरते आणि शिक्षा कमी होते. आता हा अर्ज आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत करावा लागतो. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना ही सोय नाही. बाईवर किंवा लेकरावर केलेल्या गुन्ह्यालाही नाही. म्हणजे बायकोला मारणारा नवरा हा रस्ता धरू शकत नाही, हे ध्यानात ठेवा.

कधीकधी गुन्हा खरंच झालेला असतो आणि कबूल करणंच योग्य असतं. तेव्हाही वकिलाशी बोलून कबूल करावं आणि शिक्षा ठरण्याआधी आपली परिस्थिती सांगावी. वय किती, पहिलीच चूक आहे का, घरी लहान लेकरं किंवा आजारी माणूस आहे का, नुकसान भरून दिलं का. मोठ्या खटल्यांत दोषी ठरल्यावर शिक्षेबद्दल आरोपीचं वेगळं ऐकून घ्यावंच लागतं. आधी कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. फक्त दंडच झाला आणि तो लगेच भरता येत नसेल, तर मुदत किंवा हप्ते मागता येतात. कैद झाली तर निकालाची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? बायांनो, बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना आणि कोठडीत असलेल्यांनाही मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, तिथं साधा अर्ज द्यायचा. जाता येत नसेल तर १५१०० वर फोन लावा.

पुढच्या गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की हा नंबर सगळ्यांना लिहून द्या. कोणाच्या घरी समन्स आलं असेल तर तारखेच्या आधी वकिलाला भेटा, तारखेच्या दिवशी दारात उभं राहून ठरवू नका. आणि घाईनं “कबूल करून टाक” म्हणणारी काकू घरात असेल, तर तिला माझी गोष्ट सांगा.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.