उरलेल्या पैशांची पुस्तके

(संस्थेच्या वार्षिक समारंभात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



परदेशात शिकणारा मुलगा सुट्टीत गावी आला की, "तिकडे काय काय पाहिलेस?" हा प्रश्न हमखास होतो. मी व्हिएन्नात शिकतो. पण आज मी तिथल्या राजवाड्यांचे वर्णन करणार नाही. एका शनिवार-रविवारी मी बोस्नियाची राजधानी सारायेव्हो पाहून आलो, तिच्याविषयी दोन शब्द सांगणार आहे.

शुक्रवारी रात्री बसमध्ये बसलो आणि सकाळी तिथे उतरलो. चहूबाजूंनी डोंगर आणि मधून वाहणारी लहानशी मिल्यात्स्का नदी. जुन्या बाजारात तांब्याची भांडी ठोकण्याचा आवाज येत होता. चालत काही मिनिटांच्या अंतरात मशीद, दोन पंथांची चर्चे आणि यहुद्यांचे प्रार्थनामंदिर आहे. १९१४ साली ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून होऊन पहिल्या महायुद्धाची ठिणगी पडली, ती जागाही याच नदीकाठी आहे.

परंतु माझ्या मनात राहिली ती एका दस्तऐवजातली एक अट. बोस्नियाचे उस्मानी सुभेदार गाझी हुस्रेव बेग यांनी १५३७ साली येथे मदरसा स्थापन केला. त्याच्या वक्फनाम्यात त्यांनी लिहून ठेवले की, बांधकामातून जे पैसे उरतील त्यांतून चांगली पुस्तके घ्यावीत. वाचणाऱ्यांनी ती वाचावीत आणि अभ्यासकांनी त्यांच्या नकला कराव्यात. या एका अटीतून उभे राहिलेले ग्रंथालय आज जवळजवळ पाचशे वर्षे चालू आहे.

ते सहजासहजी टिकलेले नाही. १९९२ ते १९९६ या काळात सारायेव्होला वेढा पडला होता. ऑगस्ट १९९२ मध्ये टेकड्यांवरून तोफा डागून तिथले राष्ट्रीय ग्रंथालय पेटवण्यात आले. लाखो पुस्तके जळून राख झाली. ती इमारत पुन्हा उघडायला २०१४ साल उजाडले. त्याच वेढ्यात हुस्रेव बेग ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांनी आपली हजारो हस्तलिखिते खोक्यांत भरून, जीव धोक्यात घालून, एका जागेहून दुसऱ्या जागी हलवली. एकदा नव्हे, अनेकदा. म्हणून ती वाचली.

आज त्या मदरशात मुलीही शिकतात. हे कळले तेव्हा मला माझी धाकटी बहीण आठवली.

ती माझ्याहून हुशार. माझ्या परदेशातल्या शिक्षणासाठी घरातली शिल्लक लागली आणि बारावीनंतर ती घरी बसली. तिच्यावर कोणी जबरदस्ती केली नाही, पण "तुला शिकायचे आहे का?" असे कोणी विचारलेही नाही. मीही नाही. तिची पुस्तके रद्दीत गेली, ती माझ्या डोळ्यांदेखत. तिथे लोकांनी गोळीबारातून पुस्तके उचलून नेली आणि आमच्या घरातून ती अशी गेली!

परतीच्या बसमधून मी तिला फोन करून तो प्रश्न विचारला. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "भाईजान, दोन वर्षे झाली. आता विचारतोस?"

या जूनमध्ये तिचे नाव कॉलेजात घातले आहे. पहिल्या वर्षाची फी मी सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशांतून भरली. अब्बांचा अजून मनापासून होकार नाही. ते आज समोरच बसले आहेत, म्हणून अदब राखून एवढेच म्हणतो: अब्बा, तिच्या निकालापर्यंत थांबा.

पालकहो, घरे बांधा, लग्ने थाटात करा, कोणी नको म्हणत नाही. पण हुस्रेव बेगांनी पुस्तकांची गोष्ट कागदावर आधीच लिहून ठेवली होती, हे विसरू नका. तुमच्या हिशेबाच्या वहीत मुलीच्या फीचा आकडा आधी लिहा, बाकीचे नंतर.

आणि विद्यार्थी मित्रांनो, घरी गेल्यावर आपल्या बहिणीला तो एक प्रश्न आजच विचारा. माझ्यासारखा उशीर करू नका.

खुदा हाफिज.