कपाटांतील वारा आणि तारांचा गुंता

वऱ्हाडांतील उन्हाळा कूलरच्या आवाजावरून ओळखतां येतो. चैत्र सरतां सरतां अमरावतीच्या आणि अकोल्याच्या गल्ल्यांतून खिडक्यांना त्या पेट्या लटकूं लागतात, आणि घरांतील थोरलें माणूस लहानांना बजावतें कीं, समोरचें दार उघडें ठेवा, नाहीं तर कूलर चालून काय उपयोग! आंत शिरलेल्या वाऱ्यास बाहेर पडावयास वाट हवी, हें शास्त्र येथील पोरासोरांसही ठाऊक आहे. नवल एवढेंच कीं, याच शहरांतील कचेऱ्यांतून, महाविद्यालयांतून व बँकांतून उभ्या असलेल्या एका लोखंडी कपाटापाशीं येतांच त्याचा पुष्कळांस विसर पडतो.

हें कपाट संगणकांच्या जाळ्याचें. 19 इंच रुंदीचीं यंत्रें त्यांत एकावर एक बसतात. प्रत्येक खण पावणेदोन इंच उंचीचा, आणि पुऱ्या कपाटांत असे 42 खण. मोठ्या शहरांतील डेटा सेंटरांत अशा कपाटांच्या रांगाच्या रांगा असतात. जिल्ह्याच्या ठिकाणीं बहुधा एका खोलींत एक-दोनच. परंतु तेवढ्यावरून त्यांचें महत्त्व कमी ठरत नाहीं. सातबाऱ्याची नोंद दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित असली, तरी तिच्याकडे जाणारी कचेरीची वाट या कपाटांतील स्विचमधूनच जाते. 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला. पीककर्जाकरितां शेतकऱ्याला तो पेरणीपूर्वीं, म्हणजे ऐन उन्हाळ्यांत, हवा असतो. आणि कपाटाला धाप लागते तीही त्याच दिवसांत. 2024 च्या मे महिन्यांत अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर गेला, आणि उन्हापायीं जिल्हाधिकाऱ्यांना 144 कलम पुकारावें लागलें. अशा दिवशीं स्विच तापून बंद पडला, तर रांगेंत उभ्या असलेल्या माणसास ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढेंच उत्तर मिळतें. वास्तविक सर्व्हर ठणठणीत असतो!

यंत्र जितकी वीज घेतें, जवळजवळ तितकी सारी उष्णतेच्या रूपानें परत देतें. एक किलोवॉट वीज खाणाऱ्या कपाटांतून जातांना हवा 12 अंशांहून अधिक तापूं द्यावयाची नसेल, तर ताशीं सुमारें अडीचशें घनमीटर हवा त्यांतून वाहिली पाहिजे. यंत्राच्या तोंडाशीं येणारी हवा 18 ते 27 अंशांच्या दरम्यान असावी, अशी ॲश्रे या अमेरिकेंतील अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे. वऱ्हाडांत मे महिन्यांत पुष्कळदां मध्यरात्रींही पारा याच्या वरच रेंगाळतो. म्हणून थंडावा विकत घ्यावा लागतो; आणि विकत घेतलेला वारा भलत्या वाटेनें दवडणें हा शुद्ध अव्यवहार होय.

तो दवडला जातो कसा, हें पाहण्याजोगें आहे. सर्व्हर पुढून हवा घेतो आणि मागें सोडतो. मधले खण उघडे राहिले कीं मागची तापलेली हवा त्या भगदाडांतून पुढें येते, आणि यंत्र आपलाच उच्छ्वास पुन्हा ओढूं लागतें. रिकाम्या खणावर साधी पट्टी बसविणें एवढाच त्यावर उपाय. तो फार स्वस्त आहे, म्हणूनच कदाचित् कोणी करीत नाहीं. 1992 मध्यें आय.बी.एम.मधील रॉबर्ट सुलिव्हन यांनी कपाटें तोंडाला तोंड व पाठीला पाठ अशीं मांडून थंड आणि उष्ण गल्ल्या वेगळ्या करण्याची रीत सुचविली. एकट्या कपाटासही तोच न्याय लागू पडतो. स्विचची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. कांहीं स्विच एका कुशीनें हवा घेऊन दुसऱ्या कुशीनें सोडतात, तर कांहींच्या पंख्यांची दिशा विकत घेतांनाच निवडावी लागते. ती न पाहतां बसविलेला स्विच सर्व्हरच्या उष्ण बाजूनें श्वास घेत राहतो. कपाटाचें दार जाळीचें हवें. कांचेच्या दारांतून साहेबांना आंतले दिवे लुकलुकतांना दिसतात, यापलीकडे त्याचा उपयोग नाहीं.

आतां तारा. 48 तोंडांच्या स्विचला 48 केबली लागतात. एक केबल सुमारें सहा मिलिमीटर जाड. साऱ्यांचा जुडगा मनगटाएवढा होतो. असे चार जुडगे यंत्रांच्या पाठीशीं लोंबत राहिले, म्हणजे उष्ण हवेच्या दारांत कापसाची गाठ आडवी टाकल्यासारखेंच झालें. मूळ चूक बहुधा लांबीची असते: एक मीटर पुरेल तेथें तीन मीटरची केबल लावावयाची, आणि उरलेलीचें वेटोळें मागें कोंबावयाचें. विजेच्या तारा एका कडेनें व संदेशाच्या दुसऱ्या कडेनें न्याव्या. प्लास्टिकच्या बंदानें करकचून आवळूं नये, आंतल्या जोड्यांचा पीळ बिघडतो. व्हेल्क्रोची पट्टी बरी. दोन्ही टोकांस नांवाची चिठ्ठी असावी. नाहीं तर बिघाडाच्या दिवशीं एक तार ओढली जाते आणि भलतेंच खातें बंद पडतें. शिवाय तांब्याचा विद्युत्-रोध अंशामागें सुमारें 0.4 टक्क्यांनी वाढतो. त्यामुळें तापल्या पत्र्याखालून नेलेल्या केबलीला 100 मीटरांची नेहमींची मर्यादा पेलत नाहीं.

मग खोलींत कूलरच कां ठेवूं नये, असा प्रश्न वऱ्हाडांत निघणारच. कोरड्या हवेंत पाणी उडवून गारवा आणण्याची युक्ति खोटी नव्हे. नियंत्रित रीतीनें ती मोठ्या डेटा सेंटरांतही वापरतात. परंतु बाजारच्या कूलरमधून दमट हवेबरोबर तुषारही येतात, आणि पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत त्या तुषारांबरोबर क्षार येतात. कूलरच्या गवतावर जो पांढरा थर धरतो, तोच यंत्राच्या आंत धरला तर काय होईल हें सांगावयास नको.

राहतां राहिली वीज जाण्याची गोष्ट. बॅटरीवर स्विच चालूच राहतात, वातानुकूलन मात्र थांबतें. तीन मीटर रुंद, चार मीटर लांब व तीन मीटर उंच अशा बंद खोलींत दोन किलोवॉटचीं यंत्रें चालत असलीं, तर केवळ हवेचा हिशेब केल्यास ती मिनिटाला जवळजवळ तीन अंशांनी तापावी. भिंती कांहीं उष्णता शोषतात, म्हणून थोडी उसंत मिळते इतकेंच. उष्ण हवा छताजवळून बाहेर फेंकणारा पंखा बॅटरीवर जोडलेला असावा. आणि अशा वेळीं कोणतीं यंत्रें आधीं बंद करावयाचीं याची यादी कपाटाच्या दारास आंतून चिकटविलेली असावी. सातबाऱ्याच्या खिडकीकडे जाणारा स्विच त्या यादींत सर्वांत शेवटीं लिहावा.