क्रोझ : फ्रान्समधील गवंड्यांचा जिल्हा

फ्रान्स म्हटला कीं पॅरिस डोळ्यांपुढें उभें राहतें; आणि पॅरिस म्हटलें कीं तेथील रुंद रस्ते, एका उंचीच्या दगडी हवेल्या आणि राजवाडे आठवतात. हे दगड एकावर एक कोणीं रचले, हा प्रश्न मात्र प्रवासी क्वचितच विचारतो. त्याचें उत्तर शोधावयाचें तर पॅरिसच्या दक्षिणेस सुमारें साडेतीनशें किलोमीटरवर असलेल्या एका जिल्ह्यांत जावें लागतें. त्या जिल्ह्याचें नांव क्रोझ.

राज्यक्रांतीनें १७९० सालीं जुने प्रांत मोडून देशाचे नवे जिल्हे पाडले. त्या वेळीं मुख्यतः मार्श या जुन्या प्रांतांतून हा जिल्हा निघाला आणि त्यांतून वाहणाऱ्या नदीचें नांव त्याला मिळालें. ‘क्रोझ’ म्हणजे खोल, पोखरलेली. ही नदी मिलव्हाशच्या पठारावर उगम पावते आणि ग्रॅनाइटच्या खडकांत घळ कोरीत उत्तरेकडे जाते. या घळीच्या परिसरांत १८८९ सालीं क्लोद मोने येऊन राहिला व त्यानें तिचीं अनेक चित्रें काढलीं. चित्रकाराला मोहविणारी ही भूमि शेतकऱ्यावर मात्र कधींच प्रसन्न झाली नाहीं. ग्रॅनाइटवरची माती पातळ आणि आम्लधर्मी. गहू तींत नीट पिकत नसे. राय, कुट्टू, बटाटे आणि रानांतील चेस्टनट यांवर घरें जगत.

शेतीवर पोट भरेना, पण खडकानें एक विद्या शिकविली होती, ती दगडाची. म्हणून पुरुष गवंडीकामास परमुलखीं जात. मार्च उजाडला कीं गांवोगांवचे गवंडी आणि त्यांच्या हाताखालचीं तेराचौदा वर्षांचीं पोरें टोळ्या करून निघत आणि हिवाळ्याच्या तोंडीं परतत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास असे सुमारें तीस हजार लोक दरसाल बाहेर पडत. मागें नांगर, गुरें आणि लेंकरें हीं सर्व बायकांच्या व म्हाताऱ्यांच्या गळ्यांत. पॅरिसच्या वैभवाचा हिशेब मांडतांना त्या बायकांचे श्रम कोणी जमेस धरीत नाहीं.

या लोकांत मार्तां नादो नांवाचा एक पुरुष होऊन गेला. त्याचा जन्म १८१५ चा. घरच्या विरोधास न जुमानतां त्याच्या बापानें त्याला अक्षरओळख करून दिली. १८३० च्या मार्चांत, पंधरावें वर्ष पुरें होण्यापूर्वीं, तो बापाबरोबर पॅरिसच्या वाटेला लागला. ओर्लेआंपर्यंतची मजल पायीं होती. पॅरिसांत नगरभवनापुढील ग्रेव्हच्या चौकांत पहाटे मजूर जमत आणि मुकादम त्यांतून माणसें निवडीत. फ्रेंच भाषेंत संपाला जो ‘ग्रेव्ह’ शब्द आहे तो याच चौकावरून आला. दिवसभर परांचीवर राबून रात्रीं नादो आपल्या खोलीवर सोबत्यांना लिहावयास व वाचावयास शिकवी. १८४९ सालीं तो लोकसभेवर निवडून गेला. १८५१ च्या डिसेंबरांत लुई नेपोलियननें सत्ता बळकावली तेव्हां त्याला अटक झाली व पुढें देशाबाहेर जावें लागलें. इंग्लंडांत त्यानें आधीं गवंडीकाम आणि मग शाळेंत फ्रेंच शिकविण्याचें काम केलें. १८७० त परत आल्यावर त्याला आपल्याच जिल्ह्याचा प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडील कलेक्टरासारखा अधिकारी, नेमण्यांत आलें. कामावर अपघात झालेल्या मजुराला भरपाई मिळावी असें बिल त्यानें १८८० त मांडलें. तसा कायदा १८९८ त झाला. त्याच वर्षीं नादो वारला.

नादो परदेशीं असतांनाच बॅरन ओस्मानें पॅरिस पाडून नवें बांधण्यास घेतलें होतें. काम वर्षभर मिळूं लागलें आणि १८५६ पासून आगगाडीही क्रोझच्या हद्दींतून धांवूं लागली. हिवाळ्यांत परतणारा गवंडी आतां पॅरिसांतच बिऱ्हाड करूं लागला. आगगाडीनें गांव जवळ आणला असें आपण म्हणतों. क्रोझला तिनें रिकामें केलें. १८५१ सालीं जिल्ह्यांत २,८७,००० माणसें होतीं. आज जेमतेम १,१५,००० आहेत. पहिल्या महायुद्धानें तर तरुणांची एक पिढीच कापून नेली. जांतिऊ गांवीं १९२२ सालीं उभारलेल्या स्मारकावर विजयदेवता नाहीं. शाळकरी वेषांतला एक पोरका मुलगा मूठ उगारून युद्धाचा धिक्कार करणाऱ्या ओळीकडे बोट दाखवावें तसा उभा आहे.

माणसांची ही तूट भरण्याचा एक उपाय सरकारनें पुढें योजला, आणि तो सांगतांना जीभ अडखळते. हिंदी महासागरांतील रेयुनियों हें फ्रेंच बेट. तेथील किमान २,०१५ मुलें १९६२ ते १९८४ या काळांत आणून फ्रान्सच्या ओसाड पडत चाललेल्या जिल्ह्यांत वांटलीं गेलीं. क्रोझ हा त्यांतला ठळक जिल्हा, म्हणून त्यांना ‘क्रोझचीं मुलें’ हेंच नांव पडलें. कित्येकांना अनाथ ठरविलें होतें, पण त्यांचे आईबाप हयात होते. कांहीं शेतांवर गड्यांसारखीं राबविलीं गेलीं. २०१४ सालीं फ्रान्सच्या लोकसभेनें राष्ट्राची नैतिक जबाबदारी मान्य करणारा ठराव केला.

जुना एक धंदा मात्र टिकला आहे, तो ओब्यूसों येथील चित्रपटांचा, म्हणजे लोकरीनें विणलेल्या भिंतीवरील चित्रांचा. १६६५ त कोल्बेरच्या कारकीर्दींत त्याला राजमान्यता मिळाली. वीस वर्षांनीं प्रोटेस्टंटांचें धर्मस्वातंत्र्य काढून घेतल्यानें अनेक विणकर देश सोडून गेले, तरी माग बंद पडले नाहींत. विणकर आडव्या मागावर चित्राच्या उलट्या बाजूनें विणतो. संपूर्ण चित्र मागावरून उतरेपर्यंत त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. २००९ सालीं युनेस्कोनें या कलेची अमूर्त सांस्कृतिक वारशांत नोंद केली.

बाकी आज सर्वत्र कुरणें आणि त्यांवर लालसर लिमुझें व पांढरीं शारोले गुरें. बरींचशीं वासरें लहानपणींच इटलींत पुष्ट होण्यासाठीं रवाना होतात. गवंड्यांनीं हिवाळ्याच्या सुटींत स्वतःसाठीं बांधलेलीं ग्रॅनाइटचीं घरें अजून भक्कम आहेत. कांहींच्या खिडक्या उन्हाळ्यांतच उघडतात, आणि कांहीं इंग्रज व डच लोकांनीं विकत घेतलीं आहेत.